दोन क्विंटल मासोळी, चाळीस किलो बर्फ

मासोळी नासते कशी, यात लिहिण्यासारखे काय आहे? देवाने नाक दिले आहे, वास आला की समजावे, असे तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षे असेच म्हणत होते. माहेरी तळे, सासरी बोडी. लहानपणापासून मासोळी हाताळलेली. त्यामुळे मासोळीबद्दल मला कोणी काही शिकवावे असे कधी वाटले नाही. पण एका मे महिन्यात आमची दोन क्विंटल मासोळी एका रात्रीत हातची गेली आणि माझ्या नाकावरचा माझा विश्वास उडाला. ती हकिकत आज सांगते. तुमच्याही शेताच्या कडेला बोडी असेल, शेततळे असेल, नसेल तर आठवडी बाजारातून मासोळी आणणे तरी असेलच.

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यात, मूल तालुक्यात. धानाचा मुलूख. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात तळी किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको. गोंड राजांच्या काळापासून तळे बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत होती. पुढे मालगुजारांनी तळी बांधली, राखली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तळी सरकारकडे आली आणि नाव मात्र ‘माजी मालगुजारी तलाव’ असे राहिले. लोक लाडाने मामा तलाव म्हणतात. आमची बोडी त्यांच्यापुढे अगदीच लहान, घरच्या साडेतीन एकर धानाला शेवटचे पाणी देण्यापुरती. त्यात आम्ही रोहू, कतला आणि मिरगल यांची बोटुकली सोडली होती. दोन पावसाळे कोंडा आणि ढेप घालून वाढवली. उन्हाळ्यात पाणी कंबरेइतके उरले की जाळे ओढायचे, असा बेत होता. धाकट्या नणंदेला नर्सिंगला घातले होते. तिच्या दुसऱ्या वर्षाच्या फीचे पैसे त्या पाण्यात पोहत होते म्हणा ना.

जाळे ओढायला गावातले ढिवर भाऊ पहाटेच आले. तीन फेऱ्यांत दोन क्विंटलच्या वर माल निघाला. काय मासोळी होती! हातभर लांब कतला, पोट टम्म, खवले आरशासारखे. आदल्या संध्याकाळी मी स्वतःच दोन टोपल्या कोंडा जास्त टाकला होता. वजन भरेल, असा माझा हिशेब. त्या हिशेबाची किंमत पुढे कळली.

दहा वाजता काम आटोपले. गाडी यायची होती अकराला, आली एक वाजता. तोवर मासोळी बांधावर ताडपत्रीखाली. मे महिन्यात आपल्याकडचे ऊन कसे असते ते बाहेरच्यांना सांगून खरे वाटत नाही. चंद्रपूरचा पारा सत्तेचाळीसच्या घरात जातो आणि सावलीतली हवासुद्धा भट्टीसारखी अंगावर येते. गाडीवाल्याने चाळीस किलो बर्फ आणला होता. त्याचे चार-पाच मोठे ढेकूळ करून वर ठेवले, वरून तणस टाकली आणि आम्ही निर्धास्त झालो. बर्फ आहे ना! गाडी सायंकाळी चंद्रपूरला पोहोचली. बाजार पहाटेचा. रात्रभर माल गाडीतच राहिला.

पहाटे ताडपत्री काढली तेव्हा बर्फाचा खडाही उरला नव्हता. तळाची मासोळी तांबूस पाण्यात बुडालेली होती. व्यापाऱ्याने एक रोहू उचलला, पोटावर अंगठा दाबला, कल्ला उघडून पाहिला आणि काही न बोलता बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. मला वास येत नव्हता. मी तसे म्हटलेही. तो म्हणाला, “ताई, वास येईल तेव्हा माझ्या गिऱ्हाइकाच्या घरी येईल.” वरची सव्वा क्विंटल त्याने भाव पाडून घेतली. उरलेली पाऊण क्विंटल आमच्या पदरात परत टाकली. कित्येकांची पोटे फुटली होती.

त्या पाऊण क्विंटलचे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी हे सांगते की असे झाले का.

गावी आल्यावर आमच्याकडे जाळे ओढणारे म्हातारे ढिवर काका भेटले. मी म्हटले, “काका, बर्फ तर टाकला होता.” ते म्हणाले, “सूनबाई, बरफ तुम्ही वरून ठेवलं. मासोळी तं आतून तापली होती. तीन घंटे बांधावर शिजवली, आन् मंग बरफ दाखवलं.” ‘दाखवलं’ हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. नैवेद्य दाखवावा तसा आम्ही बर्फ दाखवला होता.

पुढच्या हिवाळ्यात बचत गटाच्या बायकांसाठी मत्स्यपालनाचे तीन दिवसांचे शिबिर होते. मी गेले. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी काचेच्या चपट्या बश्या आणल्या होत्या. त्यांत खिरीसारखे थिजवलेले जंतूंचे खाद्य होते. एकाच ताज्या रोहूची कातडी त्यांनी दहा दिवसांपूर्वी दोन बश्यांवर हलकेच टेकवली होती. एक बशी उबेत ठेवली होती आणि तिचा दुसऱ्या दिवशीचा फोटो त्यांनी दाखवला. सगळी बशी ठिपक्यांनी भरलेली, जणू कोणी तांदळाच्या कण्या सांडल्या. दुसरी बशी थंडीत ठेवली होती. तिचाही दुसऱ्या दिवशीचा फोटो होता, अगदी कोरी. मग त्यांनी ती थंडीतली बशीच आमच्या हातात दिली. दहा दिवसांनी तीही भरली होती. पण ठिपके वेगळे होते, ओलसर, फिकट, चमकणारे. बाई म्हणाल्या, “हे ते नव्हेत. हे दुसरे आहेत.”

मला तिथे सगळा उलगडा झाला असे नाही. पण इतके कळले की थंडीने जंतू मरत नाहीत. थंडी फक्त निवड करते.

तुम्ही धान लावता ना? मग हे तुम्हाला माझ्याआधी समजेल. बांधीत पाणी साठवले की कोरड्या जमिनीतले तण सडून जाते. आपल्याला वाटते तणाचा प्रश्न सुटला. पण पाण्याला सरावलेले दुसरे तण त्याच मातीत दबून असते. पहिल्याने जागा सोडली की हे डोके काढते, आणि मग रान त्याचेच. बर्फ मासोळीवर नेमके हेच करतो.

जिवंत, निरोगी मासोळीच्या मांसात जंतू नसतात. ते असतात कातडीवरच्या बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. नखाएवढ्या कातडीवर शंभरापासून एक कोटीपर्यंत जंतू असू शकतात. पाणी जितके गढूळ तितके जास्त. कल्ल्यांत आणि आतड्यांत तर एका ग्रॅमला हजारापासून शंभर कोटींपर्यंत. मासोळी जिवंत असते तोवर तिचे अंग त्यांना आत येऊ देत नाही. म्हणून मरळ, मागूर यांसारख्या वरची हवा घेऊन जगणाऱ्या मासोळ्या आपले लोक गंजात पाणी घालून जिवंतच विकायला नेतात. इतका साधा आणि इतका पक्का उपाय दुसरा नाही. रोहू-कतल्याला ही सोय नाही. ते पाण्याबाहेर काढले की थोड्या वेळात मरतात आणि मेल्याबरोबर पहारा उठतो.

पहारा उठला तरी जंतू लगेच मांसात शिरत नाहीत. आधी मासोळी ताठ होते, मग सैल पडते. या वेळी तिच्या स्वतःच्याच अंगातले पाचक रस काम करू लागतात. पोट भरलेले असेल तर हे रस जोरात असतात आणि आतड्याची भिंत तेच पोखरतात. म्हणून पोट फुटते. माझ्या दोन टोपल्या जास्तीच्या कोंड्याने हेच केले होते. जाळे ओढण्याच्या एक दिवस आधी खाद्य बंद ठेवायचे, ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर! पण खरे सांगायचे तर काका सांगत होते. मी ऐकले नव्हते.

त्यानंतर येतो जंतूंचा खरा सुगीचा काळ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, तीस-पस्तीस अंशांवर, एरोमोनास जातीचे आणि त्यांच्यासारखे उबेत वाढणारे जंतू जोर धरतात. समजा, एक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतो. दहा तासांत वीस वेळा दुप्पट. वहीत मांडून पाहा, एकाचे दहा लाख होतात. म्हणजे पहाटे काढलेली मासोळी, हजारांनी सुरुवात केलेली, दिवे लागायच्या आत शेकडो कोटींवर जाते. बाहेर ठेवलेली मासोळी अर्ध्या-एक दिवसात खराब होते, ती अशी.

आता हीच मासोळी काढल्याबरोबर नीट बर्फात घातली तर? उबेतले जंतू गारठतात आणि वाढणे जवळजवळ थांबवतात. पण त्यांच्यातच मूठभर वेगळे असतात. स्यूडोमोनास, शेवानेला अशी त्यांची नावे. शून्य अंशावरही ते जगतात, वाढतात, फक्त सावकाश. साधारण एका दिवसात एकदा दुप्पट होतात. वीस वेळा दुप्पट व्हायला उबेत दहा तास लागत होते, बर्फात वीस दिवस लागतात. बर्फाने मिळते ते एवढेच, वेळ. थंडीत वाढणाऱ्या या जंतूंची ओळख फार जुनी आहे. १८८७ साली फॉर्स्टर नावाच्या शास्त्रज्ञाने थंडीत ठेवलेल्या मासोळीवरूनच असे जंतू वेगळे काढून दाखवले होते. म्हणजे घरोघरी फ्रीज येण्याच्या कितीतरी आधी थंडीत सडणारी मासोळी शास्त्राला ठाऊक झाली होती.

यात आपल्या मुलखाची एक गंमत आहे. थंड समुद्रातली मासोळी बर्फात ठेवली तर तिच्यावरचे जंतू आधीच थंडीला सरावलेले असतात. ते लगेच कामाला लागतात आणि दोनेक आठवड्यांत ती मासोळी खलास होते. आपल्या बोडीतल्या जंतूंनी थंडी कधी पाहिलेलीच नसते. थंडीत वाढणारे त्यांच्यात फार थोडे, त्यांनाही जम बसवायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून गरम मुलखातली गोड्या पाण्याची मासोळी, ताबडतोब आणि पुरेशा बर्फात घातली तर, तीन-तीन आठवडेसुद्धा टिकल्याची उदाहरणे आहेत. सत्तेचाळीस अंशांचा आपल्याला झालेला हा एकच फायदा मला माहीत आहे. पण ‘ताबडतोब’ आणि ‘पुरेशा’ हे दोन शब्द विसरू नका. आम्ही दोन्ही विसरलो होतो.

पुरेसा बर्फ म्हणजे किती, हा हिशेब शिबिरातल्या बाईंनी फळ्यावर करून दाखवला तेव्हा मला घाम फुटला. दोनशे किलो मासोळी बत्तीस अंशांवरून शून्यावर आणायला नुसता सत्तर किलोच्या आसपास बर्फ वितळतो. आम्ही दिला चाळीस. म्हणजे वाटेत काहीच वाया गेले नसते तरी आमची मासोळी बारा-तेरा अंशांच्या खाली गेली नसती. आणि वाटेत किती गेला असेल! गाडीच्या तापलेल्या पत्र्याने खाल्ला, वाऱ्याने खाल्ला, रात्रीने खाल्ला. म्हणून उन्हाळ्याचा नियम साधा आहे, किलोला किलो. दोनशे किलो मासोळी, दोनशे किलो बर्फ. महाग वाटतो. मलाही वाटला होता. मग परत आलेल्या पाऊण क्विंटलची किंमत मी मांडली आणि गप्प बसले.

बर्फ ढेकळांचा नको, फोडून चुरा केलेला हवा. ढेकूळ एकाच मासोळीला टेकते, चुरा सगळीकडून बिलगतो. खाली एक थर बर्फ, त्यावर मासोळी, पुन्हा बर्फ, पुन्हा मासोळी, वरून जाड थर. पेटीच्या तळाला भोक पाहिजेच. वितळलेले गार पाणी मासोळीवरून ओघळत खाली जाते तेव्हा बुळबुळ आणि जंतू धुऊन नेते, हा बर्फाचा दुसरा उपकार आहे. पण तेच पाणी तळाशी साचले तर सगळी घाण तिथेच मुरते. आमच्या गाडीत तेच झाले होते. आणि भरण्याआधी मासोळी धुवायची ती विहिरीच्या किंवा हापशीच्या पाण्याने, बोडीच्या ढवळलेल्या पाण्याने नव्हे.

कल्ले आणि आतडी काढून टाकावीत का? जंतूंचे घर तेच, तेव्हा शास्त्र म्हणते काढा. पण बाजार म्हणतो ठेवा, कारण गिऱ्हाईक कल्ला लाल आहे का हेच आधी पाहते. बिनकल्ल्याची मासोळी दिसली की लोकांना वाटते काहीतरी लपवले आहे. माझा स्वतःचा विचार असा की लगेच विकायची असेल तर कल्ले राहू द्यावेत. घरी ठेवायची असेल तर पहिले काम पोट साफ करण्याचे.

बर्फाबद्दल एक गोष्ट आयाबहिणींना मुद्दाम सांगते. मासोळीच्या पेटीतला बर्फ पोरे चोखत बसतात. तो खाण्याचा नसतो. २०१८ साली महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग द्यावा असा नियम झाला तो यासाठीच. रंग असो वा नसो, पोरांच्या हातून तो काढून घ्यावा.

आता वासाकडे येते. माझे नाक का फसले? समुद्राच्या मासोळीच्या अंगात एक द्रव्य असते, खाऱ्या पाण्यात टिकून राहायला ते तिला लागते. जंतू त्या द्रव्याचे रूपांतर एका उग्र वासाच्या पदार्थात करतात. मासोळीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो बराचसा हाच. गोड्या पाण्याच्या मासोळीत ते द्रव्य नसल्यातच जमा असते. त्यामुळे आपली रोहू खराब होऊ लागते तेव्हा तो ओळखीचा वास येतच नाही. आधी जरा गोडसर, पिकून उतरलेल्या फळासारखा येतो आणि मग एकदम सडक्या अंड्यासारखा. मी त्या पहाटे ज्या वासाची वाट पाहत होते तो आमच्या बोडीच्या मासोळीला येणारच नव्हता. उलट बोडीच्या मासोळीला कधी कधी चिखलाचा वास येतो, त्याला लोक नाके मुरडतात. तो पाण्यातल्या शेवाळाचा आणि मातीतल्या जंतूंचा वास, जिवंतपणीच अंगात मुरलेला. ती मासोळी नासलेली नसते.

तेव्हा नाकाआधी डोळा आणि बोट वापरावे. डोळा फुगीर आणि काळाभोर आहे की खोल गेलेला, दुधाळ? कल्ला लाल आहे की विटकरी, चिकट? अंगावरची बुळबुळ पाण्यासारखी आहे की पांढुरकी? पाठीवर बोट दाबले तर खळगा भरून येतो की तसाच राहतो? त्या व्यापाऱ्याने हेच केले होते, आणि त्याचा मला राग आला होता.

याहून अवघड गोष्ट पुढची आहे. वास आणणारे जंतू बहुतेक करून आजार आणणारे नसतात. आणि आजार आणणारे बहुतेक करून वास आणत नाहीत. घाणेरड्या हातांनी, घाणेरड्या पाण्याने, माश्यांनी जे जंतू मासोळीवर येतात ते उबेत गुपचूप वाढतात. काहींचे विष असे असते की रस्सा कितीही उकळला तरी जात नाही. बांगड्यासारख्या समुद्राच्या मासोळीत उबेत राहिल्यावर जंतूंमुळे असेच एक द्रव्य तयार होते. ते खाल्ल्यावर अंग लाल होते, खाज सुटते, डोके दुखते. लोक म्हणतात अंगावर उठले. शिजवल्याने तेही जात नाही. म्हणून ‘चांगली उकळली म्हणजे झाले’ हे आपल्या चुलीवरचे तत्त्वज्ञान निम्मेच खरे आहे.

आणि फ्रीज. आता गावोगाव घरात फ्रीज आहेत. आमच्या जाऊबाईंनी एकदा रविवारची मासोळी शुक्रवारी काढली आणि म्हणाल्या, “फ्रीजमध्ये होती न बाई!” घरचा फ्रीज बर्फाइतका थंड नसतो. पाच अंशांवर मासोळी शून्य अंशाच्या सव्वादोन पट वेगाने खराब होते, दहा अंशांवर चौपट. दार सतत उघडणारे, वीज जाणारी, वर दुधाचे पातेले आणि खाली मासोळी, अशा फ्रीजमध्ये दहा अंश सहज असतात. तिथे मासोळी एक दिवस ठेवावी, फार तर दोन. बर्फाच्या कप्प्यात गोठवली तर जंतू झोपतात. काही मरतात, सगळे नाही. बाहेर काढून ओलसर झाली की उरलेले जागे होतात. म्हणून एकदा सुटलेली मासोळी पुन्हा गोठवू नये.

थंडी नसली तर काय करावे, हे आपल्या जुन्या माणसांना चांगले ठाऊक होते. भामरागडकडे, जिथे पर्लकोटा आणि पामुलगौतम इंद्रावतीला मिळतात, तिकडच्या घरांतून चुलीच्या धुरावर सुकवलेली मासोळी ठेवलेली असते. आपल्याकडे झिंगे वाळवतात, मोठ्या मासोळीला चिरा देऊन मीठ भरतात. जंतूंना वाढायला पाणी लागते. मीठ, ऊन आणि धूर तेच काढून घेतात. तिथेही जंतूंची जात बदलतेच. मिठात जगणारे काही जंतू खाऱ्या मासोळीवर गुलाबी-तांबडी छटा आणतात. ती दिसली तर मासोळी टाकून द्यावी. पण पावसाळ्याचे दोन महिने घर चालवायला या वाळवणाइतके भरवशाचे काही नाही. याउलट २०१८ मध्ये केरळ आणि गोव्यात बाहेरून आलेल्या मासोळीला फॉर्मालिन लावल्याचा बोभाटा झाला, गोव्याने तर काही काळ बाहेरची मासोळी बंदच केली. फॉर्मालिन म्हणजे प्रेत टिकवायचे औषध. जंतूंपासून सुटायचा तोही एक मार्ग कोणाला तरी सुचलाच.

आता ती पाऊण क्विंटल.

बाजाराबाहेर आम्ही डोक्याला हात लावून उभे असताना एक माणूस आला. आठवडी बाजार करणारा. त्या दिवशी त्याला आतल्या जंगलातल्या एका गावाचा बाजार होता. व्यापाऱ्याने दिलेल्या भावाच्या चौथाई भावात सगळी घेतो म्हणाला. मामाजींनी माझ्याकडे पाहिले. पोटे फुटलेली मी पाहिली होती. तळाचे तांबूस पाणीही पाहिले होते. नणंदेची फी भरायची तारीख आठवड्यावर होती. मी मान हलवली. त्याने मासोळी धुतली, वर ताजा बर्फ पसरला आणि पंधरा मिनिटांत ती अगदी नवी दिसू लागली.

तेव्हा मला जंतूंची नावे माहीत नव्हती. पण मासोळी बरी नाही एवढे माहीत होते. त्या बाजारात ती कोणी घेतली, कोणाच्या पोरांनी खाल्ली, कोणाला काही झाले का, ते कळायला मार्ग नव्हता. मी विचारायला गेलेही नाही. फी भरली गेली. नणंद आता दवाखान्यात नोकरीला आहे. जुलाब-उलटीने गळालेली लेकरे घेऊन आतल्या गावांतल्या बाया येतात, तिला विचारावे लागते, काय खाल्ले होते? ती हे घरी सांगते तेव्हा मी चुलीशी काहीतरी काम काढते.

त्यानंतर आम्ही जाळे तीन वेळा ओढले. आदल्या दिवशी खाद्य बंद. काम पहाटे चारला सुरू. बर्फ आदल्या रात्रीच आणून भुशात पुरून ठेवतो आणि तो फोडणे ही माझी आणि जाऊबाईंची जबाबदारी. दोन जाड पेट्या घेतल्या, तळाला भोक असलेल्या. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सायकलवरच्या आणि मोटारसायकलवरच्या बर्फपेट्यांनाही अनुदान ठेवले होते, बायकांना जास्त. आमच्या गटातल्या दोघींनी त्यातून पेट्या घेतल्या. आमच्या मात्र घरच्या पैशाच्या. काका आता जाळे ओढत नाहीत. बांधावर बसतात आणि पेटी भरली की बाही वर करून हात कोपरापर्यंत बर्फात घालतात. हात बधिर झाला तर मान हलवतात, नाही तर म्हणतात, “आनखी टाक, सूनबाई.”

यंदाच्या मे महिन्यात तोच आठवडी बाजारवाला गावात आला होता. गाडी चंद्रपूरला निघून गेली होती. काही उरली का, म्हणून त्याने विचारले. जाळ्यात दबून मेलेली आठ-दहा किलो बाजूला पडली होती, उन्हात राहून गेलेली. मामाजी ओसरीवर बसले होते. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. “नाई जी, काई नाई उरली,” म्हणाले. तो गेल्यावर त्यांनीच फावडे घेतले आणि परसातल्या लिंबाच्या बुडाशी खड्डा खणला.